गोधडीखालचा समुद्र

बुळूक!

दुपारच्या शांततेत आवाज झाला आणि रुद्राणी कणकेच्या हातानं मोरीकडं धावली. तिच्या मागून सासूबाई, म्हणजे अव्वा, डुलकी अर्धी टाकून बादली घेऊन धावल्या. त्यांच्या मागून पाच वर्षांची निलू तांब्या घेऊन. तिघी नळाखाली उभ्या राहिल्या. नळ ठणठणीत कोरडा!

बुळूक! आवाज पुन्हा आला, पण बैठकीतून.

"तुझ्या नवऱ्याचा समुद्र गं," अव्वा बादली आपटत म्हणाल्या. "रोज फशिवतोय मेला!"

त्या उन्हाळ्यात लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं येत होतं. इकडं उदगीरच्या त्यांच्या गल्लीत आठवड्यातून एकदा टँकर यायचा, आणि तोही मनाला येईल तेव्हा. अशा दिवसांत घरात समुद्र आणायचा म्हणजे आत्मविश्वास पोत्यानं लागतो. रुद्राणीच्या नवऱ्याकडं तो पोत्यानंच होता. पंचाक्षरी सर एका खासगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचे, आणि उदगीरचा नवा जिल्हा होणार ही हवा त्यांच्या डोक्यात पार भिनली होती.

"जिल्हा झाला की कलेक्टर येणार, एसपी येणार. त्यांची लेकरं माझ्या क्लासला येणार. आणि सरांच्या घरी काय बघणार? खाऱ्या पाण्याची टाकी! अख्ख्या जिल्ह्यात पहिली!"

"अहो, पण जिल्हा अजून झाला कुठं?"

"म्हणून काय झालं? आपला समुद्र तयार पाहिजे!"

"आणि पाणी?"

"टँकरच्या थेंबाला हात लावणार न्हाई. क्लासच्या एसीतून दिवसभर पाणी गळतं आणि गटारात जातं. तेवढं मला बास."

सर शब्दाला जागले. रोज संध्याकाळी स्कूटरला कॅन बांधून एसीचं पाणी घरी यायला लागलं. मीठ हैदराबादहून आलं. मासेही हैदराबादहूनच आले, प्लास्टिकच्या पिशवीत आणि सरांच्या मांडीवर. बाळंतीण लेकीला माहेरी आणावं तसे ते बसच्या प्रत्येक धक्क्याला "हळू! हळू!" करत आले. दोन केशरी मासे, अंगावर पांढरे पट्टे. निलूनं लगेच बारसं केलं, गुंडू आणि पुट्टी.

"लिंगायताच्या घरात मासे?" अव्वा पहिल्या दिवशी कडाडल्या. "गच्चीवर ठिव जा!"

पण गुंडू काचेला नाक लावून त्यांच्याकडं बघत बसला. दोनच दिवसांत अव्वा त्याला कणकेच्या गोळ्या भरवताना सापडल्या.

"आपल्या घरात ऱ्हायचं तर आपलंच खायचं," त्यांनी रुद्राणीला बजावलं. "आन त्यो दिवा मालवू नको. नवी जागा हाय, लेकरं भितील."

म्हणून टाकीवरचा दिवा रात्रंदिवस तेवत राहिला, आणि शेवाळानं पाय रोवले. आधी काचेवर चहा सांडल्यासारखे डाग आले, मग ते हिरवे झाले. दगड हिरवे, वाळू हिरवी, पंपाच्या नळीला हिरव्या दाढ्या! सर संध्याकाळी घासून काढायचे आणि दहावीतल्या पोराच्या मिशीसारखं ते सकाळी पुन्हा हजर. शेवटी त्यांनी हैदराबादच्या दुकानदाराला फोन लावला.

"सर, खाना जास्ती डाल रै क्या?"

"छे, चिमूटभर!" सर म्हणाले. मागं अव्वा हळूच कणकेचा हात पदराला पुसत होत्या.

"लाइट?"

"तो जलता है, थोडा थोडा."

"तीन दिन अंधेरा कर देव. पूरा ढाँक देव. एक किरन नै जाना. हरा अपने आप मर जाता."

झालं! टाकीवर अव्वांच्या हातची गोधडी चढली, त्यावर सतरंजी, आणि कोपऱ्यातून उजेड शिरतोय म्हणून निलूचं लहानपणीचं दुपटं. बैठकीत कुणी म्हैस निजवून ठेवल्यासारखं दिसायला लागलं.

रुद्राणीला यात एकाच गोष्टीची धास्ती होती. गल्लीतल्या बायकांनी टँकरचा पाईप तिच्या हातात दिला होता. त्याआधी दर खेपेला घागरींना पोचे आणि माणसांना शिव्या बसायच्या. पाईप रुद्राणीकडं आला आणि भांडणं थांबली, कारण ती सगळ्यांना सारखं द्यायची आणि आपली घागर शेवटी लावायची. कधी तिच्या वाट्याला नुसता तळाचा गाळ यायचा. लग्न होऊन आल्यापासून ती गल्लीत 'सरांची बायको' होती. पाईप हातात आला आणि ती पहिल्यांदा 'रुद्राणी' झाली. बायका घोटासाठी उन्हात उभ्या राहतात आणि आपल्या घरी मासे डुंबतात, हे सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. म्हणून टाकी आल्यापासून बैठकीच्या खिडकीला पडदा होता.

टाकी झाकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी समोरची सरजाबाई विरजण मागायला आली. सरजाबाईच्या दोन शेळ्या होत्या आणि नजर चार शेळ्यांची, कुठंही शिरायची.

"ह्ये काय झाकून ठिवलंय गं?"

"ते? कपाट आहे जुनं. वाळवी लागलीय."

बुळूक, म्हणालं कपाट.

सरजाबाईच्या भुवया वर गेल्या. मदतीला धावायचं म्हणून अव्वा आतून ओरडल्या, "पाव्हणे निजलेत गं, हळू बोला!"

"कपाटात?" सरजाबाई म्हणाली.

"न्हाई काकू," निलूनं सगळा गुंता सोडवून टाकला. "आत समुद्र हाय. बाबांनी आणलाय. कुणाला दाखवायचा न्हाई."

सरजाबाई विरजण न घेताच गेली. दोन घरं पलीकडं, अंगणवाडीच्या चांगुणाबाईंच्या दारात पोचेपर्यंत त्या समुद्राचा ड्रम झाला. मारुतीच्या पारापाशी हौद झाला. चौकात गेला तेव्हा सरांच्या बैठकीत बोअर लागलं होतं, तेही गोडं! आणि मग सगळ्यांना एकदमच आठवलं, की सर रोज संध्याकाळी स्कूटरवर कॅन आणतात. काय असंल त्यात? विकत असतील! आन बायको शेवटी घागर लावून साळसूद!

दुसऱ्या दिवशी टँकर आला. रुद्राणी नेहमीसारखी पाईप घ्यायला गेली, तर पाईप सरजाबाईच्या काखेत.

"ऱ्हाऊ दे," सरजाबाई म्हणाली. "समुद्रवाल्यांनी कशाला तरास घ्यायचा?"

रांगेतली एकही बाई रुद्राणीकडं बघेना. कालपर्यंत तिच्या कडेवरून निलूला घेणाऱ्या चांगुणाबाईसुद्धा आपल्या घागरीचं बूड तपासत होत्या. रुद्राणी दोन पावलं पुढं झाली. काय सांगायचं आणि कुठून सुरुवात करायची? मिठापासून की एसीपासून?

"चला," ती एवढंच म्हणाली. "सगळ्या चला. बघा तरी."

टँकरवाला मडिवाळप्पा हॉर्न वाजवत राहिला आणि बायका घागरींसकट बैठकीत शिरल्या. तेवढ्यात सर क्लासहून आले. गोधडीभोवती मोर्चा बघून ते धावले आणि दोन्ही हात पसरून टाकीपुढं उभे राहिले.

"कुणी हात लावायचा न्हाई! आज संध्याकाळपर्यंत अजिबात उघडायचं न्हाई!"

"बघा!" सरजाबाई ओरडली. "म्या म्हनलं नव्हतं?"

"एक किरण आत गेला तर सगळं मुसळ केरात!"

"अहो, सरका," रुद्राणी म्हणाली.

"रुद्राणी, विज्ञान हाय ते!"

"असू दे. माझं नाव जाऊन राहिलंय इथं!"

आणि तिनं दुपटं, सतरंजी, गोधडी, सगळं एका हिसक्यात ओढलं.

काचेच्या वरच्या कडेवर अव्वांची बॅटरी आडवी ठेवलेली होती. चालू!

"अव्वा!" सर किंचाळले.

"अंधारात लेकरं भितील म्हणून..." अव्वा पदराआडून पुटपुटल्या. "बारीकच हाय की रे उजेड."

त्या बारीक उजेडात शेवाळ असं माजलं होतं, की गुंडू आणि पुट्टी आंबराईत लपल्यासारखे मधूनच दिसत होते. सरजाबाईनं टाकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि खिडकीबाहेर थुंकली.

"थू! खारट गं बाई! मीठ घालून पाण्याची नासाडी?"

मग रुद्राणी बोलली. एसी, कॅन, मीठ, मासे, जिल्हा, कलेक्टर, सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी तिचा आवाज फाटला. "टँकरचा एक तांब्या न्हाई घेतला, सरजाबाई. लाज वाटली म्हणून झाकलं होतं."

सरजाबाईनं सरांकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हंजे मास्तर एवढे दिवस यंत्राचं गळकं पाणी वाहून ऱ्हायले, आन आमी त्यांना बोअर पाडून दिलं!"

ती हसायला लागली, मग बाकीच्या. फक्त चांगुणाबाई हसल्या नाहीत. त्या घागर खाली ठेवून काचेपाशी गुडघ्यावर बसल्या होत्या.

"अगं बायांनो, हसताय काय? बघा तरी, किती हिरवं हाय!"

हसणं थांबलं. खरंच की. बाहेर बाभळीसुद्धा करड्या पडल्या होत्या. अख्ख्या गल्लीत हिरवं म्हणून एवढंच होतं, हातभर काचेत. एकेक जण वाकली. कुणी काचेवरून बोट फिरवलं. मळ्यातल्या पाटाच्या कडेला अगदी असंच असायचं, कुणी म्हणालं.

"सर," सरजाबाईनं हळू आवाजात विचारलं, "शेळी खाईल का हो?"

"खाऱ्या पाण्यातलं आहे ते!"

"मग बरंच की, वैरणीला मीठ वेगळं नको!"

बाहेर मडिवाळप्पा ओरडला, "पाणी घेताव का जाऊ?"

पळापळ झाली. दारात सरजाबाई थबकली आणि तिनं काखेतला पाईप रुद्राणीच्या हातात कोंबला. "धर. आन आज पयली घागर तुझी. बोलायचं काम न्हाई!"

रुद्राणीनं ऐकलं नाही. पहिली घागर तिनं सरजाबाईचीच भरली, गळ्यापर्यंत. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, ते तसंच वाहिलं.

तेव्हापासून बैठकीत रोज जत्रा भरायला लागली. सरजाबाई आपल्या आंधळ्या होत चाललेल्या सासूला घेऊन आली, चांगुणाबाई अख्खी अंगणवाडी घेऊन आल्या. सर खरवडायची पट्टी घेऊन सज्ज, पण "आज नको सर, आमच्या नणंदबाई यायच्यात बघायला" असा निरोप रोज कुणाचा ना कुणाचा. कलेक्टरचा पत्ता नव्हता, पण सरांच्या टाकीला जिल्ह्याएवढी माणसं झाली होती. आणि बघायला कशाला, तर जे मारायला सर जिवाचं रान करत होते तेच!

रविवारी मात्र सरांनी दाराला कडी घातली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हात टाकीत खांद्यापर्यंत घालून ते कराकरा खरवडायला लागले. हिरव्या लडी वर तरंगून आल्या. रुद्राणी चाळणीनं त्या गोळा करून परातीत ठेवत होती, सरजाबाईच्या शेळीसाठी, धुऊन बघू म्हणून.

निलू परातीपाशी बसून कितीतरी वेळ बघत राहिली.

"आई, मंदिरात सगळ्या आज्ज्या देवाला म्हणतात ना, सगळीकडं हिरवं कर म्हणून?"

"हाव."

"मग त्यानं आपल्या घरापासून सुरुवात केली, तर बाबा खरवडून का काढून राहिले?"