अण्णा कुलथ्यांचा फळा

अण्णा कुलथ्यांबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. वेळ नव्हता असं नाही. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो. त्यांच्यावर दोन पानं लिहून द्या, असं कॉलनीतल्या मंडळींनी मला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मी डोळ्यांचं निमित्त पुढे केलं. डोळे ठीक आहेत. अडचण अशी की अण्णांबद्दल खरं लिहायचं तर त्यात एका ठिकाणी माझं नाव येतं आणि ते चांगल्या जागी येत नाही. ते वगळून लिहिता येतं का, हेही करून पाहिलं. येत नाही. आता मी एक्क्याऐंशीचा आहे. आणखी टाळणं परवडणार नाही.

तर अण्णा. अण्णांशी ओळख झालेला माणूस पहिली गोष्ट सांगायचा ती ही, की ते नमस्कार करता करता समोरच्याच्या पिशवीत डोकावतात. तीस वर्षं त्यांनी जकात नाक्यावर कारकुनी केली होती. ट्रक थांबवायचा, ताडपत्री उचलायची, माल काय, कुठला, कागद दाखवा. निवृत्तीनंतर ट्रक सुटले, सवय सुटली नाही. ती मग नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीतल्या ऐंशी-नव्वद बिऱ्हाडांवर चालू झाली.

"काय माल?" अण्णा विचारायचे.

"मेथी आहे, अण्णा."

"कुठली?"

"बाजारातली."

"बाजारात पिकत नाही मेथी. गाव विचारतोय."

माझी बायको त्यांना चुकवायला पिठाच्या गिरणीमागच्या बोळातून यायची. एकदा अण्णा तिला तिथेच भेटले. "वहिनी," ते गंभीरपणे म्हणाले, "आडमार्गानं माल आणणाऱ्याला आम्ही दुप्पट लावायचो." आणि पिशवीतलं एक गाजर काढून घेऊन खात खात निघून गेले.

पाहुण्यांनाही सुटका नसे. कोणाकडे मुलगी बघायला मंडळी आली, की कोपऱ्यावर अण्णा उभे. कुठून आलात, किती जण, मुक्काम की परत. मंडळी मुलीच्या घरी पोचायच्या आत मुलीच्या आईला कळलेलं असायचं की पाच माणसं आहेत, त्यातल्या एका म्हातारबुवांना साखर चालत नाही आणि मुलगा बुजरा आहे. त्यामुळे अण्णांवर कोणी फार वेळ चिडून राहू शकत नसे.

घरात हा माणूस वेगळाच होता. कुलथे वहिनी सकाळच्या शाळेत शिकवायला जायच्या, म्हणून दोन्ही मुलींच्या वेण्या अण्णा घालायचे. पोत्याचं तोंड शिवल्यासारख्या घट्ट. मुली शाळेत पोचायच्या तेव्हा त्यांच्या भुवया वर ओढलेल्या असायच्या, त्यामुळे बाईंना वाटे, या दोघींना सारखं कसलं आश्चर्य वाटतं. पण त्या वेण्या संध्याकाळपर्यंत हलत नसत. वहिनी शाळेतून आल्या की त्यांना आयतं पान वाढलेलं मिळे. अण्णा समोर बसायचे आणि त्यांनी विचारलं नसतानाही सगळ्या कॉलनीची खबर द्यायचे.

खबर हा अण्णांचा खरा धंदा. त्यासाठी त्यांचा फळा होता.

मारुतीच्या देवळाला लागून, गिरणीसमोर, सिमेंटचा एक काळा फळा होता. तो अण्णांनी स्वतः गवंड्याला उभं करून बांधून घेतलेला. रोज सकाळी सहाला ते बादली आणि फडकं घेऊन यायचे, फळा पुसायचे, वाळेपर्यंत मारुतीला प्रदक्षिणा घालायचे आणि मग लिहायला घ्यायचे. अक्षर असं, की रस्त्यानं जाणारा सायकलवाला पाय टेकवून वाचायचा. रंगीत खडू ते साखरेच्या पाण्यात भिजवून ठेवत. त्यानं रंग उठून दिसतो म्हणे. दिसायचा खरा, पण दुपारपर्यंत फळ्यावर मुंग्या लागायच्या. एकदा पाणी बंद राहणार असल्याच्या सूचनेतलं "बंद" मुंग्यांनी इतकं भरून काढलं की ते वाचताच येईना, आणि अर्धी कॉलनी दुसऱ्या दिवशी बादल्या लावून बसली.

फळ्यावर काय नसे? नळाची वेळ, रॉकेल कधी येणार, सापडलेली किल्ली, हरवलेलं मांजर, कोणाला मुलगी झाली, कोण गेलं. दहावीचा निकाल लागला की पास झालेल्यांची नावं टक्क्यांसकट. नापास झालेल्यांची नावं ते लिहीत नसत. खाली एवढंच असे : "उरलेल्यांची आंब्यांची सोय आमच्याकडे." आणि ती मुलं खरोखर त्यांच्या ओट्यावर बसून आंबे चोखत असायची.

बातमीच्या बाबतीत अण्णा कडक होते. कोणी काही सांगत आलं, की ते हात पुढे करायचे. "पावती?"

म्हणजे, तू स्वतः पाहिलंस की ऐकलंस. ऐकलेलं चालत नसे. शेजारच्या जाधवबाई आजी झाल्या, तेव्हा त्या धावत सांगायला आल्या. "फोन कोणाचा होता?" "जावयांचा." "ते दवाखान्यात होते का घरी?" जाधवबाईंनी परत जाऊन जावयाला फोन लावला, तेव्हा कुठे नात फळ्यावर चढली. नाक्यावर कागदाशिवाय माल आत गेला नाही, फळ्यावरही जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं. बारा वर्षांत त्या फळ्यावर एक खोटी बातमी आली नाही. अण्णांना त्याचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही.

ती खोटी बातमी त्यांना मी दिली.

नव्वदीची अखेर होती. आमच्या गल्लीतले साळी मास्तर, गणिताचे निवृत्त शिक्षक, दवाखान्यात होते. त्यांचा धाकटा मुलगा नितीन आणि माझी मनीषा यांचं जमत आलं होतं; पंधरा दिवसांनी साखरपुडा ठरला होता. होणाऱ्या व्याह्यांना बघायला मी सकाळीच गेलो. पाहतो तो मास्तरांची खाट रिकामी, गादी गुंडाळलेली, आणि बाहेर बाकावर मास्तरांच्या पत्नी पदर तोंडाला लावून रडताहेत. मी पुढे झालो नाही. कोणाला काही विचारलं नाही. रडणाऱ्या माणसाशी बोलायचं मला कधी जमलं नाही. मी तसाच मागे फिरलो आणि रिक्षा केली.

अण्णा फळ्यापाशीच होते. मी म्हणालो, "साळी मास्तर गेले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात थोडा उचललाही होता. मग तो खाली घेतला आणि म्हणाले, "पाणी प्या आधी. बसा इथं." आमची पंचवीस वर्षांची ओळख. माझ्याकडे त्यांनी पावती मागितली नाही.

बातमी फळ्यावर चढली आणि तासाभरात गिरणी बंद झाली. मास्तरांच्या दाराशी बांबू येऊन टेकले. कोणीतरी लासलगावला फोन केला, आणि मास्तरांची थोरली बहीण जीपभर माणसं घेऊन रडत निघाली. मास्तरांचा मोठा मुलगा विलास कारखान्यात पहिल्या पाळीला होता. त्याला निरोप गेला. तो धापा टाकत आला, बांबू बघून मट्कन खाली बसला, आणि मग कोणीतरी शहाणपणा करून दवाखान्यात फोन लावला. मास्तर खिचडी खात होते. त्यांना सकाळी फोटो काढायला खाली नेलं होतं आणि येताना दुसऱ्या खोलीत हलवलं होतं. खिचडीत मीठ नाही म्हणून त्यांनी भल्या सकाळी बायकोला बोल लावले होते. ती त्यासाठी रडत होती.

लासलगावच्या आत्याबाई थेट दवाखान्यात गेल्या. भावाला बघून त्यांचं रडू थांबलं आणि तोंड सुटलं. "जित्ता व्हतास तं येक फोन करायला काय झालं व्हतं रे तुला? लय रडले मी वाटंनं."

"मी मेलोय हे मला माहीत नव्हतं, अक्का," मास्तर म्हणाले.

अण्णांनी तोवर फळा पुसून नवा मजकूर लिहिला होता : "दुरुस्ती. श्री. साळी मास्तर यांची प्रकृती उत्तम आहे. चूक फळा लिहिणाऱ्याची." तिसऱ्या दिवशी मास्तर घरी आले, तेव्हा त्यांनी रिक्षा थांबवून ते वाचलं. मूळ मजकुरात वय किती लिहिलं होतं, एवढीच चौकशी केली. चौऱ्याहत्तर, असं कळल्यावर म्हणाले, "त्र्याहत्तर पूर्ण. एवढंच चुकलं."

मास्तर हसले, पण विलास हसला नाही. त्यानं देवळाच्या सभागृहात बैठक लावली.

"अण्णा, तुम्ही मनानं लिहिलं नसणार," तो म्हणाला. "कोणीतरी सांगितलं. कोणी?"

"अक्षर माझं आहे ना?" अण्णा म्हणाले.

"अक्षराचं नाही विचारत. नाव सांगा."

"नाव नाही."

"माझ्या म्हाताऱ्या आत्यानं फोनवर भावाच्या मरणाची बातमी ऐकली. तो माणूस कळला, तर त्याच्या घरचं पाणी पिणार नाही आम्ही, कधी."

अण्णा फक्त म्हणाले, "सही करणारा मी. जे काय असेल ते माझ्यावर लावा."

मी तिसऱ्या रांगेत होतो. उठायला किती वेळ लागतो? मी उठलो नाही. अण्णांनी सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली, माझ्यावरून मात्र अशी नेली की जणू तिथं रिकामी खुर्ची आहे.

खडूंचा डबा कॉलनीच्या कमिटीनं काढून घेतला आणि तरुण मंडळाला दिला. तरुण मंडळानं पंधरा दिवस फळा लिहिला, नंतर क्रिकेटचे धावफलक, नंतर काहीच नाही. पण सकाळी सहाला अण्णा बादली घेऊन यायचेच. कोरा फळा ओल्या फडक्यानं पुसायचे, प्रदक्षिणा घालायचे, वाळलेल्या फळ्यासमोर थोडं उभं राहायचे आणि घरी जायचे. माझी गॅलरी नेमकी त्या बाजूला होती. फळा रस्तारुंदीत जाईपर्यंत, सहा-सात वर्षं, मी हे रोज पाहिलं. नंतर नंतर मी चहा आत घ्यायला लागलो.

साखरपुडा झाला, लग्न झालं. लग्नात अण्णा पंगतीत जिलब्या वाढत फिरले आणि विलासच्या पानात आग्रहानं दोन जास्त वाढल्या. कॉलनीनंही त्यांना माफ केलं, म्हणजे चेष्टा सुरू केली. "काय अण्णा, आज कोणाला पोचवलंत?" हे दिसेल तो म्हणायचा. आणि आता लिहितोच : एका गणपतीत माझं भाषण होतं, मी अण्णांकडे बघून म्हणालो, "अण्णांच्या हातून सुटलो, म्हणून आज बोलतोय." सभागृह हसलं. अण्णाही हसले. मला इतकं हायसं वाटलं, की आपल्या मनावर आता काही नाही, अशी मी समजूत करून घेतली.

ती टिकली नाही. त्यांच्याकडे मी दोनदा ठरवून गेलो. पहिल्यांदा त्यांनी माझी पिशवी तपासली, तीत मी नेलेली द्राक्षं काढून गाव विचारलं, आणि दिंडोरीची की निफाडची यावर तासभर गेला. दुसऱ्यांदा ते अंथरुणावर होते. मी खुर्ची जवळ ओढली, म्हणालो, "अण्णा, ते साळी मास्तरांचं..."

"मनीषाचा मुलगा बोलायला लागला का?" त्यांनी विचारलं.

"लागला."

"काय म्हणतो?"

मी सांगत बसलो. नातवाबद्दल बोलायला लागलं, की माणसाला थांबता येत नाही. त्यांना झोप लागली, मी उठलो. पुढच्या आठवड्यात ते गेले.

तेराव्यानंतर वहिनींकडे गेलो, तेव्हा त्यांना तरी सांगावं म्हणून तोंड उघडलं. त्या पोहे परतत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "क्षीरसागर, मला माहीत आहे. त्याच दिवशी सांगितलं होतं ह्यांनी. मी म्हटलं, नाव सांगून मोकळे व्हा. तर मला म्हणाले, पोरीचं जमतंय, आत्ता काढायचं नाही. आणि लग्नानंतर म्हणाले, आता पोर त्या घरात नांदतेय, आता तर कधीच काढायचं नाही." मग त्यांनी पोह्यांवर खोबरं भुरभुरलं. "फळ्याची मात्र फार सवय होती हो त्यांना. मी शाळेतून आले, की सांगायला काही नसायचं. नुसते समोर बसायचे."

त्यांनी मला पोहे दिले, आणि मी ते खाल्ले.

विलासला हे मी गेल्या महिन्यात सांगितलं, मनीषाला त्याच्या आदल्या दिवशी. विलास आता सत्तरीला आला आहे. तो म्हणाला की अण्णांच्या घरी जाऊन यायला हवं होतं. मनीषा एवढंच म्हणाली, "बाबा, ते असताना सांगायचं." तिचं बरोबर आहे. ज्यांना सांगायचं, त्यांना सोडून मी सगळ्यांना सांगितलं आहे. म्हणून त्यांच्या अंथरुणाशेजारच्या खुर्चीवर बसून जे म्हणायचं राहिलं, ते इथं लिहितो.

अण्णा, मी खाट रिकामी पाहिली होती, मास्तरांना पाहिलं नव्हतं. कोणालाही न विचारता तुम्हाला येऊन सांगितलं. बैठकीत मी समोर होतो आणि गप्प बसलो. माझी मुलगी सुखात आहे, ती तुमच्यामुळे. तुमच्या सकाळी मी घेतल्या. माझं चुकलं, अण्णा. मला माफ करा.