नववा थांबा, बावीस पावलं

साखरखाडीचा जुना धक्का पंचवीस वर्षांपूर्वी पाडला, पण कानात इयरफोन असेल तर त्यावरून अजूनही चालता येतं.

बंदराचा वारसा लोकांना कळावा म्हणून आमच्या कार्यालयानं 'ऐकत फिरा' ही फेरी सुरू केली. ओळखपत्र ठेवायचं, इयरफोन घ्यायचे आणि त्यातली बाई सांगेल तसं चालायचं. नवव्या थांब्यावर ती सांगते, "सरळ बावीस पावलं चला. तुम्ही धक्क्यावर आहात. इथं मासेमारीचे मचवे लागत." लोक चालतात, आणि मचवे लागतात. एका गृहस्थांनी चौदाव्या पावलावर फोन घ्यायला इयरफोन काढले आणि ते स्वतःच पाण्यात पडले. चूक त्यांची होती, पण तक्रार इंग्रजीत होती. त्यामुळे सोमवारपासून नववा थांबा वगळायचं ठरलं.

चांगुणाबाई चोगले या फेरीला रोज यायच्या. तीस वर्षांपूर्वी मासेमारीला गेलेला त्यांचा नवरा बावीस पावलांपलीकडं मचव्यावर उभा असतो. त्याच्या कानात काही नाही, म्हणून त्याच्यासाठी धक्काही नाही. त्याला उतरता येत नाही.

शनिवारी इयरफोन घेताना त्या माझ्या टेबलाशी म्हणाल्या, "भाऊ, आज यांच्यासाठी पन एक द्या. सोमवारपासून मी यांना कुठं बघू?"

"त्यांचं ओळखपत्र?"

त्यांनी मृत्यूचा दाखला पुढं केला.

"यावर देता येत नाही. फेरी हयात व्यक्तींसाठी आहे."

"हयात हायत का नाय, ते तुमीच जाऊन बघा."

नियम मी केलेला नाही, तरी मला लाज वाटली.

त्या आपलेच इयरफोन घेऊन गेल्या आणि त्यातला एक त्यांनी नवऱ्याच्या कानात घातला. एकाच कानानं ऐकलं की धक्का थोडा खाली लागतो, हे त्या दिवशी कळलं. वायर आखूड असल्यामुळे दोघं खांद्याला खांदा लावून, गुडघाभर पाण्यातून आली. तो गेला तेव्हाच्याच वयाचा होता आणि त्या साठीच्या.

काठावर येऊन त्यानं मला रामराम केला. "साहेब, मचव्यावर अजून चौघं हायत. त्यांच्या घरचं कुनी येत नाय."

त्यांच्या घरची माणसं केव्हाच गाव सोडून गेली होती. कार्यालय पाचला बंद होतं, आणि चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी माझं ओळखपत्र काढून माझ्याच टेबलावर ठेवलं, इयरफोन घेतल्याची सही केली आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.