सासूबाईंचं विरजण प्रयोगशाळेत जातं

बॅक्टेरियांबद्दल आपल्याइतकं अख्ख्या तिबिलिसीत कोणाला कळत नाही, अशी मुर्मानची पक्की समजूत होती. घरजावयाला एवढी तरी समजूत हवीच! दिवसभर तो प्रयोगशाळेत बॅक्टेरिया खाणाऱ्या विषाणूंवर काम करायचा आणि घरी आला की सासूबाई, नाझिब्रोला, त्याला कांदे सोलायला बसवायच्या.

रविवारी त्याच्या लेकाचा बाप्तिस्मा होता. अर्धी गल्ली जेवायला! नाझिब्रोलाच्या मात्सोनीशिवाय, म्हणजे घट्ट जॉर्जियन दह्याशिवाय, कोणी पानावरून उठणार नव्हतं. ते विरजण तिच्या आईने राचाच्या डोंगरातून लोकरीत गुंडाळून आणलेलं. तेव्हापासून एकदाही दगा दिला नव्हता.

"आई, त्यातल्या जंतूंचे मोठे फोटो काढून आणतो! पाहुण्यांसमोर भिंतीवर लावू!"

"माझं विरजण घराबाहेर जाणार नाही."

"अहो, वाटीभरच!"

गेलं. मुर्मानने वाटी टेबलावर उघडी ठेवली, फोटो काढले, चार जणांना कौतुकाने दाखवली आणि उरलेलं विरजण घरी आणून परत मोठ्या भांड्यात ओतलं. वाया कशाला घालवायचं!

नाझिब्रोलाने त्यातलंच सगळ्या दुधाला लावलं आणि भांडी ब्लँकेटांत गुंडाळली. सकाळी झाकण काढलं, तर दूध जसंच्या तसं! गाईनेसुद्धा आपलं म्हणून ओळखलं असतं.

"झुझुनाची नजर!" नाझिब्रोला कडाडली. झुझुना म्हणजे समोरची शेजारीण. "परवा जिन्यात म्हणाली, 'किती दाट लागतं गं तुझं!' तेव्हाच मला कळायला हवं होतं!"

पण विरजण मागायला जाणार कुठे? झुझुनाकडेच! नाझिब्रोला नाक मुरडत गेली, आपलाच डाव तिच्या भांड्यात बुडवून विरजण घेऊन आली. दूध पुन्हा तसंच! आणि दुसऱ्या दिवशी झुझुना दारात, कमरेवर हात.

"तुझा डाव बुडाला आणि माझंही दूध लागेना! आता सांग गं, नजर कुणाची?"

मुर्मान हळूच दाराकडे सरकत होता. बायकोने, इरमाने, त्याची कॉलर धरली. "तुला काय माहितीये?"

"एका डेअरीने आमच्याकडे विषाणू तपासायला दिलेत," तो पुटपुटला. "दह्याच्या जंतूंवरच हल्ला करणारे. वाटी... त्यांच्या शेजारी होती."

नाझिब्रोला ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीत बसली आणि पदराने पुसावेत तसे एप्रनने डोळे पुसू लागली. "माझ्या आईचं होतं रे ते."

"भांडी उकळ," इरमा म्हणाली. "सगळी!"

मुर्मान मान खाली घालून भांडी गोळा करत गॅलरीत गेला. पहिल्या खेपेचं एक भांडं तिथे फेकायचं राहून गेलं होतं. त्याने ते मोरीत कलंडवलं. काही सांडेना! चमचा खुपसला, तर उभा राहिला!

"आई! लागलंय!"

तिघी धावत आल्या.

"सगळे जंतू मेले नाहीत! काही वाचले. त्यांनी विषाणूचा तुकडा तोडून आपल्या जनुकांत खोचून ठेवला. आता तो परत आला की ओळखतात आणि कापून टाकतात! त्यांच्या पोराबाळांनाही ती ओळख जन्मतःच मिळते!"

"म्हणजे हे आईचंच?"

"तुमच्या आईचंच! लढून आलेलं!"

नाझिब्रोलाने चाखलं, झुझुनाला चाखवलं, आणि दोघी गळ्यात गळा घालून एकदमच हसायला-रडायला लागल्या.

रविवारी पंगत रंगली. मात्सोनी सुरीने कापावं असं लागलेलं! इरमाचे गुराममामा वाइनने भरलेलं शिंग उंचावून उभे राहिले. "शत्रू घरात शिरला! कित्येक पडले! जे वाचले, त्यांनी त्याची खूण अंगावर कोरून घेतली, पोराबाळांना देऊन ठेवली! त्यांच्यासाठी!"

सगळे ताडकन उठले. एका निवृत्त कर्नलने ओल्या डोळ्यांनी सलाम ठोकला. ते शूरवीर त्याच्या समोरच्याच भांड्यात होते, पण त्याला कोण सांगणार!

मुर्मानही छाती काढून उठला. नाझिब्रोलाने त्याची बाही ओढली.

"तू बस खाली. तू शत्रूच्या बाजूचा!"