खडूची फुली

"वहिनी, ही क्लच-प्लेट झिजलेली नाही, तुम्ही ती खाल्लीत," उस्ताद म्हणाला. "बायकांचं पाऊल क्लचवर बसतच नाही. शिलाई मशीनचं पायडल नव्हे ते!"

टेलरबाईच्या हातात त्या वेळी कात्री नव्हती, हे उस्तादाचं नशीब. तीन वर्षं शाळेचे गणवेश शिवून शिवून तिनं ती लाल गाडी घेतली होती. महिन्यातून एका रविवारी ती सरळ चारशे मीटरच्या शर्यतीत उतरायची. उस्तादही उतरायचा, आणि इतरांच्या गाड्या दुरुस्त करता करता शहाणपणही फुकट वाटायचा.

"मग मीच बदलते क्लच," ती म्हणाली. "आणि रविवारी तुमच्याच शेजारी उभी राहते."

"हरलात तर?"

"गाडीची किल्ली तुमची. पण तुम्ही हरलात, तर माझ्या दुकानात बसून बारा काजं करायची. हातानं!"

पैज ऐकून घरी नवऱ्याचा घास हातातच राहिला. "अगं, आपली गाडी लावलीस?"

"आपली कसली? माझी. बाह्या वर करा."

नवरा पार्सल ऑफिसात वीस वर्षं खोक्यांवर खुणा करत आलेला, पण बायकोपुढे नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. दोन दिवस दोघं गाडीखाली आडवे होते. गिअरबॉक्स उतरला आणि कापड बेतायच्या टेबलावर जाऊन बसला. नव्या प्लेटवर तेलकट बोटं उमटली, म्हणून बाईनं ती स्पिरिटनं पुसायला घेतली. कुठली बाजू इंजिनाकडे ठेवायची हे प्लेटवर छापलेलं होतं, ते पुसलं गेलंच, म्हणून तिनं लगेच खडूनं एक ठसठशीत फुली मारून ठेवली. बाई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाही आखूड झाल्याची तक्रार घेऊन आलं. त्याला वाटेला लावून ती परतली, तर नवऱ्यानं प्लेट बसवून, झाकण आवळून, शीळ घालायला सुरुवातही केली होती.

"नीट बसवलीत ना?"

"अगं, तुझी फुली बघूनच बसवली!"

गिअरबॉक्स चढवला, किल्ली फिरवली, इंजिन गुरगुरलं. नवऱ्यानं तिथंच एक गिरकी घेतली. रविवारी गाडी ट्रॉलीवरून मैदानात आली. बाईनं इंजिन चालू केलं, क्लच दाबून पहिला गिअर टाकला, आणि खालून असा खरखराट झाला की शेजारच्या गाडीतून उस्तादानं मान बाहेर काढली. क्लच पार तळाला टेकवला तरी गिअर पडेना.

"अहो, फुली कुठल्या बाजूला ठेवलीत?"

"बाहेरच्या. नीट दिसेल अशी. पार्सलवर आतून खूण करतात का कुणी?"

"आणि कापडावर बाहेरून करतात का कुणी? खडू लागतो तो उलट्या बाजूला! फुली आत, इंजिनाकडे जायला हवी होती!"

प्लेट उलटी बसली होती, म्हणजे क्लच सुटायचं नावच घेणार नव्हता. गिअरबॉक्स पुन्हा उतरवायला चार तास लागले असते आणि हातात होती दहा मिनिटं.

"नाव मागे घेऊ या," नवरा म्हणाला. "तू आजारी पडलीस असं सांगतो."

"आजारी पडो तो उस्ताद! ढकला गाडी."

"अगं, क्लचशिवाय?"

"क्लच नाही तर नाही, मी आहे ना! ढकला म्हणते ना!"

नवऱ्यानं घामाघूम होत बंद गाडी रेषेवर नेऊन लावली. झेंडेवाल्यानं नियमांचा कागद दोनदा वाचला. बंद गाडी उभी करू नये असं त्यात कुठंच नव्हतं. बाईनं इंजिन बंदच ठेवून पहिला गिअर टाकला. हिरवा दिवा लागला की किल्ली फिरवायची, गाडी जागेवरून उडी मारेलच. पुढचे गिअर आवाजावर टाकायचे. दोरा तुटायच्या आधी मशीनचा आवाज ओळखणाऱ्या कानाला ते काय जड?

शेजारी उस्तादाची गाडी डरकाळ्या फोडत होती. त्यानं वळून पाहिलं आणि त्याला राहवलं नाही. पिवळा दिवा लागलेला असताना तो खिडकीतून अर्धा बाहेर झुकून ओरडला, "अहो वहिनी, गाडी बंद आहे तुमची!"

आणि झुकता झुकता त्याचं पाऊल क्लचवरून सटकलं.

उस्तादाची गाडी हिरव्या दिव्याच्या आधीच सुसाट सुटली. त्याच्या बाजूला लाल दिवा लागला आणि तो शर्यतीतून बाद झाला. मग सावकाश हिरवा लागला. बाईनं किल्ली फिरवली. लाल गाडी उचकी लागल्यासारखी दोन हात उडाली, कण्हली, कुंथली, पण गिअरमागून गिअर घेत पलीकडच्या रेषेवर पोचली. त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ तिनंच घेतला होता, पण तिला हरवायला शेजारी कुणी उरलंच नव्हतं.

"पाऊल बसत नाही वाटतं क्लचवर?" तिनं खिडकीतून विचारलं. उस्तादाला हेल्मेट काढवेना.

सोमवारी तो मुकाट दुकानात येऊन बसला. बाईनं शर्टाच्या पट्टीवर खडूनं बारा खुणा करून दिल्या. संध्याकाळपर्यंत बोटं टोचून घेत त्यानं बारा काजं पुरी केली आणि पट्टी पुढे धरली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली. बाराच्या बारा काजांचे टाके उलट्या बाजूला सजले होते.

"खडू तिकडंच दिसला," उस्ताद पुटपुटला. "मला वाटलं, तीच वरची बाजू."

"बघ!" दारातून नवरा उसळून म्हणाला. "मी काय वेगळं केलं होतं? सगळं जग खूण वरच ठेवतं!"

बाईनं उस्तादाच्या हातात छोटी कात्री दिली, नवऱ्याच्या हातात पाना.

"मग जगाला सांगा, चुकतंय म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही काजं उसवा, आणि तुम्ही गिअरबॉक्स उतरवा."