मेंदीची हजामत

मेंदीची ती फांदी माझ्या कानात गेली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

माझ्या ऑफिसला सुट्टी होती, बायकोला नव्हती. ती वाचनालयात काम करते आणि लोकांना पुस्तकं बदलायची आठवण नेमकी सुट्टीच्या दिवशी होते. त्यामुळे घरात मी एकटा. अंगणात वेताची खुर्ची, हातात चहा, मांडीवर पेपर. असलं सुख फार वेळ टिकत नाही हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळे मी ते भराभर उपभोगत होतो. पेपरचं पान उलटायला मान वळवली, तर कुंपणातून बाहेर आलेली एक फांदी थेट कानात!

आमच्या आणि शेजारच्या बागेच्या मध्ये मेंदीचं कुंपण होतं. म्हणजे अजूनही आहे, पण तेव्हा ते 'होतं' म्हणण्यासारखं होतं. पुरुषभर उंच, आणि इतकं दाट की पलीकडे कुणी शिंकलं तर शिंक ऐकू यायची, माणूस दिसायचा नाही. पलीकडे राहतात मेट्रनबाई. मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या, आता निवृत्त आहेत. निवृत्त फक्त नोकरीतून. आवाजातून, नजरेतून आणि ताठ कण्यातून त्या अजून निवृत्त झालेल्या नाहीत.

बायको आणि मेट्रनबाई एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण फार मोठं नव्हतं. एका अक्षराएवढं होतं. आमच्या वसाहतीत दर वर्षी बागांची स्पर्धा असते. तीन वर्षांपूर्वी पहिला नंबर मेट्रनबाईंचा आला आणि दुसरा बायकोचा. बायको मोठ्या मनाने अभिनंदन करायला गेली, तर मेट्रनबाई म्हणाल्या, "तुमचीही बाग छान आहे हं."

त्या 'ही'वर सगळं बिनसलं.

"तुमची बाग छान आहे असं म्हणता आलं नसतं?" बायको घरी येऊन म्हणाली. "तुमची*ही*! म्हणजे काय, उरलेलं कौतुक मला?"

"अगं, 'ही' म्हणजे सुद्धा—"

"मला मराठी येतं."

तेव्हापासून दोन्हीकडून कुंपणाला खत पडू लागलं आणि ते वाढतच गेलं. आपल्या कुंड्यांमध्ये काय चाललंय हे पलीकडच्या डोळ्यांना दिसू नये, एवढंच त्या मेंदीचं काम.

आता मला बागेत मज्जाव आहे हेही सांगायला हवं. एका वर्षी मी मनापासून तण काढलं. एकूण एक. संध्याकाळी बायकोने विचारलं, "माझी झिनियाची रोपं कुठंयत?" त्यानंतर नियम झाला : बागेतल्या कशालाही हात लावायचा नाही, पाणीसुद्धा घालायचं नाही, लांबून कौतुक करायचं.

पण कुंपण म्हणजे बाग नव्हे, असा मी विचार केला. कुंपण ही हद्द. हद्द अर्धी आपली, अर्धी त्यांची. म्हणजे पूर्ण कुणाचीच नाही. (मी ऑफिसात फायली अशाच निकालात काढतो.) शिवाय स्पर्धा एका महिन्यावर आली होती. थोडी मदत केली तर बायको खूश होईल, असंही वाटून गेलं. मी आतून मोठी कात्री आणली आणि कानात गेलेली ती एक फांदी कापली.

बस. तिथंच थांबायला हवं होतं.

पण फांदी गेली तिथं खळगा दिसायला लागला. मग खळग्याच्या दोन्ही बाजू जरा उतरवल्या. त्यामुळे खळगा मोठा झाला. लांब उभं राहून पाहिलं, तर कुंपणाला एखाद्या शाळकरी पोराच्या घरी केलेल्या कटिंगसारखी कळा आली होती. आता अर्धवट सोडून चालणार नव्हतं. मी स्टूल आणलं, बनियन-पँटवर आलो आणि कामाला लागलो.

डावीकडून कापत निघालो. उजव्या टोकाला पोचून मागे पाहिलं, तर उजवी बाजू खाली. म्हणून डावी उतरवली. मग डावी खाली. पुन्हा उजवी. हे काय गौडबंगाल म्हणून स्टुलावरून उतरलो, तर स्टुलाचा एक पाय ओल्या मातीत रुतला होता. मी तिरका उभा, त्यामुळे माझं सरळही तिरकं. मग शास्त्रशुद्ध काम करावं म्हणून नळाच्या खांबापासून फाटकापर्यंत सुतळी बांधली आणि सुतळीबरहुकूम कापलं. सुतळीला मध्ये झोळ होता. तो कुंपणाला आला. झोळाच्या पातळीला दोन्ही टोकं आणण्याशिवाय इलाजच उरला नाही.

मेंदी आता माझ्या कपाळापर्यंत आली होती. पायाखाली पाल्याचा ढीग, नाकात हिरवट वास, आणि खरं सांगतो, मजा येत होती. ऑफिसात इतक्या वर्षांत मी इतकं काही केल्याचं माझ्या हातांना आठवत नव्हतं.

तेवढ्यात कुंपणापलीकडे पांढरट, गोल असं काहीतरी दिसलं. पक्ष्याचं घरटं असणार. आपल्या हौसेपायी एखाद्या जिवाचा संसार मोडायला नको, म्हणून मी तेवढी जागा सोडून अलीकडून-पलीकडून कापलं.

घरटं हललं. घरट्याखाली कपाळ निघालं. कपाळाखाली चष्मा.

"कोण आहे?" मेट्रनबाई म्हणाल्या.

"मी."

"मी कोण?"

"शेजारी."

"काय चाललंय?"

"सारखं करतोय."

"सारखं करताय ते तासाभरापासून ऐकतेय मी. काय करताय?"

"तेच. सारखं."

"कशासारखं?"

मी आणखी थोडं कापलं. त्यांचं नाक दिसलं, हनुवटी दिसली, मग हात दिसले. हातांत रबरी मोजे. समोर स्टीलचा ट्रे, त्यात कापसाचे बोळे आणि स्पिरिटची बाटली. पुढ्यात जास्वंदीची मोठी कुंडी. तिच्या फांद्यांवर, पानांच्या बेचक्यांत, कळ्यांच्या देठांवर पांढरंशुभ्र कापसासारखं काहीतरी लागलेलं. मेट्रनबाई कुंडीला झाकून उभ्या राहू पाहत होत्या, पण जास्वंद त्यांच्यापेक्षा रुंद होती.

काहीतरी गोड बोलणं भाग होतं.

"वा!" मी म्हणालो. "जास्वंदीची छान जात आहे हो. बर्फ पडल्यासारखी दिसते. आमच्याकडच्या जास्वंदीवर पण अस्संच आलंय."

मेट्रनबाईंचा हात हवेतच थांबला. "काय म्हणालात?"

"आमच्याकडेही. सगळ्या कुंड्यांवर आलंय. उलट आमच्याकडे जास्तच दाट आहे." (शेजाऱ्यांपुढे आपलं घर कमी पडू देऊ नये.)

"असं?" त्या म्हणाल्या, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मी मेट्रनबाईंना हसताना पाहिलं. हसू फार वेळ राहिलं नाही, पण ते पुरेसं होतं. आपण काहीतरी मौल्यवान देऊन बसलो, असं मला वाटू लागलं.

"याला पिठ्या ढेकूण म्हणतात," त्या म्हणाल्या. "ही जात नव्हे. हा रोग आहे."

मी घाबरून खाली पाहिलं आणि हातांना काहीतरी काम हवं म्हणून कापत राहिलो. बायको फाटकातून आत आली, तेव्हा कुंपण माझ्या गुडघ्याशी होतं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पर्स खुर्चीवर ठेवली, पाल्याच्या ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "अहो, कुंपण कुठंय?"

"आहे की. खाली बघ."

तिने खाली पाहिलं. मग समोर पाहिलं. समोर मेट्रनबाई. दोघींच्या मध्ये तीन वर्षांत पहिल्यांदाच काहीही नव्हतं. बायको एकदम बाजूला सरकून आपल्या जास्वंदींसमोर उभी राहिली आणि तिने पदर पसरला. पण कुंड्या बऱ्याच होत्या आणि पदर एक.

"लपवू नका," मेट्रनबाई म्हणाल्या. "यांनी सांगितलंय मला."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. मी कात्री पाठीमागे धरली.

"तुमच्याकडेही आहे ना?" मेट्रनबाई म्हणाल्या.

पुन्हा 'ही'! मी डोळे मिटले. आता हिचा स्फोट होणार, मग त्यांचा, आणि मधल्या गुडघाभर मेंदीत मला लपताही येणार नाही.

पण आवाज आला तो फारच बारीक. "म्हणजे तुमच्याकडे..." बायको म्हणाली, "तुमच्याकडेही?"

"महिना झाला. कळ्या उमलतच नाहीत."

"माझ्या तर पिवळ्या पडून गळतात. मला वाटायचं, पलीकडे तुमच्या इतक्या फुलल्या असतील आणि माझ्याच—"

"मलाही तेच वाटायचं. रात्री झोप नव्हती."

"साबणाचं पाणी मारलं मी."

"नुसत्या साबणाने नाही जात. स्पिरिटचा बोळा लावायचा. पान पालथं करून, देठापासून. या इकडे, दाखवते."

बायको साडी सावरून मेंदी ओलांडून गेली. इतक्या सहज, की कुंपण मुळात ओलांडण्यासाठीच असतं असं वाटावं. मी डोळे उघडले. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मला क्षणभर वाटलं, आपण सुटलो.

"अहो," बायको तिकडून म्हणाली, "कापूस आणा. आणि तो पाला उचला आधी."

नंतरचे दिवस मी कापसाचे बोळे वळण्यात घालवले. मेट्रनबाईंना ते एका मापाचे लागत. "हा फुगलाय," "हा सैल आहे," असं म्हणत त्या माझे बोळे परत करत. दोघी मिळून एकेका झाडाला तपासत, हळू आवाजात बोलत. संध्याकाळचा राउंड व्हायचा. मला राउंडला परवानगी नव्हती.

तेवढ्यात नवीनच संकट उभं राहिलं. बायकोच्या नेच्यांच्या कुंड्या त्या मेंदीच्या सावलीत असायच्या. सावलीच गेली म्हटल्यावर दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर यायला लागलं आणि नाजूक पानांच्या कडा कागद जळावा तशा तपकिरी झाल्या. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ते नेचे तिने एवढ्याशा रोपांपासून वाढवले होते. मला खरोखर वाईट वाटलं आणि मी छत्री धरून उभा राहायला तयार झालो. (राहिलोही. पण ऑफिस होतं.)

"माझ्या व्हरांड्यात आणून ठेवा," मेट्रनबाई म्हणाल्या. "दिवसभर सावली असते."

"आणि तुमचे गुलाब इकडे आणा," बायको म्हणाली. "इथं ऊन फुकट चाललंय."

मग कुंड्यांची अदलाबदल सुरू झाली. अदलाबदल त्यांनी ठरवली आणि कुंड्या मी उचलल्या. ओल्या मातीची कुंडी किती जड असते हे लांबून कौतुक करणाऱ्या माणसाला कळत नाही. एक इकडे नेली की दोघी मान तिरकी करून पाहत आणि म्हणत, "नाही, तिकडेच बरी होती." सगळं लागेपर्यंत कुठली बाग कुणाची हे सांगता येईना. तेव्हा दोघींनी स्पर्धेच्या लोकांना कळवून टाकलं, की यंदा दोन घरांची मिळून एकच बाग.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी शेवटची कुंडी हलवायची निघाली. मी ती छातीशी धरून मेंदी ओलांडत असताना एक खुंट पँटला अडकला आणि गुडघ्यापासून खाली पँट टरकन फाटली. कुंडीतली ओली माती बनियनवर सांडली. आत जाऊन कपडे बदलणार, एवढ्यात फाटक वाजलं. परीक्षक आले होते.

शेतकी कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. गळ्यात भिंग लटकवलेलं, चाल संथ. त्यांनी जास्वंदींची पानं उलटून पाहिली, व्हरांड्यातल्या नेच्यांपाशी थांबले, मातीत बोट घालून पाहिलं. दोघी त्यांच्यामागे श्वास रोखून चालत होत्या आणि बायकोने मेट्रनबाईंचा हात घट्ट धरला होता. निकाल आत्ताच सांगून टाकतो : दुसरा नंबर आला. (पहिला कोपऱ्यावरच्या घराचा आला. त्या घरात नवरा नाही.)

फिरत फिरत प्राध्यापक कुंपणापाशी आले. छाटलेल्या मेंदीला आता दाट, कोवळी, पोपटी पालवी फुटली होती. ते बराच वेळ बघत राहिले.

"सुंदर!" ते म्हणाले. "दोन्ही बागा एका नजरेत येतात. लोक उगाच भिंती वाढवत बसतात. इतकं खाली छाटायला धाडस लागतं. कुणाचं हे काम?"

माझी छाती फुगली. एवढ्या जाणत्या माणसाने माझ्या कुठल्याही कामाला सुंदर म्हटल्याचा हा पहिलाच प्रसंग. मी नम्रपणे एक पाऊल पुढे आलो.

"माझं," मी म्हणालो.

प्राध्यापकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बनियन, माती, फाटकी पँट. आणि कौतुकाने माझ्या खांद्यावर थाप मारली.

"वा, माळीबुवा! हात चांगला आहे तुमचा. आमच्याकडेही याल का? दिवसाचे किती घेता?"

मी हसून बायकोकडे पाहिलं. आता ती माझी ओळख करून देणार, प्राध्यापक ओशाळणार, मी त्यांना मोठ्या मनाने माफ करणार, सगळं माझ्या डोळ्यांपुढे तयार होतं.

बायको म्हणाली, "काही घेत नाही, सर. फुकट येतो. पण परवडत नाही."