फाटकापर्यंतचे मोडक सर

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, ते मोडक सर मुलांकडे मार्कशीटच्या आधी बसचं तिकीट मागत.

कसबा पेठेतल्या आमच्या महापालिकेच्या शाळेत ते भूगोल शिकवत आणि दहावीनंतरचे प्रवेश अर्जही भरून घेत. नियम एकच: ज्या कॉलेजच्या फाटकाशी उभा राहिला नाहीस, त्याचं नाव पसंतीक्रमात घालायचं नाही. पुरावा म्हणून तिकीट. वेबसाइटवर सगळं दिसतं की, असं एका वडिलांनी सुनावलं, तेव्हा सर म्हणाले, "आपण फ्लॅट घेताना चार खेपा घातल्यात ना? मग मुलगा फोटो बघून देता?"

मी करमाळ्याहून मामाकडे शिकायला आलेलो. घरात दहावी पास होणारा पहिलाच. मार्क चांगले पडले होते, पण नदीपलीकडच्या त्या दगडी कॉलेजची धास्ती वाटे. बसमध्ये पडलेलं एक तिकीट उचलून मी सरांपुढे ठेवलं.

"फाटकासमोर काय आहे?"

"वडापावची गाडी," मी ठोकून दिलं.

"झेरॉक्सचं दुकान आहे. हे तिकीट तुझ्यापेक्षा जास्त फिरलंय."

दुसऱ्या दिवशी खरंच गेलो. वॉचमनने विचारलं, "कुणाकडे?" मला तिथल्या कुणाचंच नाव माहीत नव्हतं. तसाच परत फिरलो. अर्जाला एकच दिवस उरला होता. वॉचमनचा प्रश्न सरांना सांगितला आणि म्हणालो, ते नाव नकोच, घराजवळचं घाला.

सरांनी छत्री उचलली आणि मला घेऊन बसमध्ये बसले. फाटकाशी आल्यावर म्हणाले, "माझं नाव इथे लागलं होतं. मलाही हेच विचारलं. घरी जाऊन सांगितलं, नंबर लागला नाही. तू जा. सांग, प्रवेश घ्यायचाय, बघायला आलोय."

"आणि तुम्ही, सर?"

"मी इथे बरा आहे."

मी आत सगळं हिंडून आलो, तरी ते झेरॉक्सच्या दुकानाशीच उभे. पुढे कळलं, घाबरलेल्या प्रत्येक मुलाबरोबर ते असेच येत. आत कधीच नाही. अर्जात मी पहिलं नाव तेच घातलं, आणि मिळालंही.

परवा त्यांना पत्र टाकलं:

ती. सर, सादर प्रणाम.

सोमवारी त्याच कॉलेजात भूगोल शिकवायला रुजू झालो. नियमाप्रमाणे तिकीट जोडलं आहे. या वेळी माझंच आहे. झेरॉक्सच्या शेजारी आता रसवंती झाली आहे. गुरुवारी अकरानंतर मला तास नसतो. या. वॉचमनने 'कुणाकडे?' असं विचारलं, तर माझं नाव सांगा.