उजव्या हाताला कुडाम

धोटेकाका रस्ता ओलांडत नाहीत. म्हणजे बर्लिनमध्ये ओलांडत नाहीत. इकडे जबलपुरात, अधारतालच्या मेन रोडवर, ते डावा हात वर करतात, मान खाली घालतात आणि चालू लागतात. ऑटो थांबतात, स्कूटर थांबतात, एकदा तर वरातीचा बँडही थांबला होता. जन्म फॅक्टरीत गेला. भोंगा वाजला की सायकलींच्या लोंढ्यातून असंच गेट गाठायचं, ती सवय.

मी त्यांची शेजारीण. माझी धाकटी बहीण बर्लिनला असते आणि काकांचा नितीनही तिथेच. गेल्या उन्हाळ्यात मी निघाले तेव्हा नितीनचा फोन आला, “मावशी, पापांना सोबत आणाल का? अकेले येतच नाहीत ते.” मी प्रवासाला यादीशिवाय निघत नाही. औषधं, चार्जर, पासपोर्टच्या झेरॉक्स आणि त्याखाली धोटेकाका, असं मी लिहून टाकलं.

तिथे कुडाम नावाचा लांबरुंद रस्ता आहे. खरं नाव भलं मोठं. तिथले लोकही कुडामच म्हणतात. दोन्ही बाजूंना चिनाराची झाडं, ऐसपैस फुटपाथ आणि अशी दुकानं की दारावर उभा असलेला माणूसच गिऱ्हाइकापेक्षा चांगला कोट घालतो. एका टोकाला युद्धात मोडलेल्या मनोऱ्याचं चर्च, दुसऱ्या टोकापलीकडे तळं. नितीनचं ऑफिस याच रस्त्यावर, साधारण मध्यावर. तो सकाळी जातो तो रात्री आठला घरी येतो, म्हणून दुपारी काकांना मी फिरवायचं ठरलं.

पहिल्याच दिवशी पलीकडे आइस्क्रीमचं दुकान दिसलं. सिग्नल हिरवा होता. मी निघाले. काका जागचे हलले नाहीत.

“चला ना.”

“ओलांडायचं नाही.”

“काहून?”

“परिक्रमा चालू हाय, कुंदाताई.”

नर्मदेच्या परिक्रमेचा नियम आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतो: नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, मध्ये कुठेही ओलांडायची नाही. काकांची परिक्रमा राहून गेली. नोकरीत असताना रजा नाही, निवृत्तीनंतर गुडघे नाहीत. तेव्हा आता कुडाम. मोडकं चर्च म्हणजे उगमाचं अमरकंटक, त्याला मागून वळसा घालायचा. तळं म्हणजे समुद्र. मधले आडवे रस्ते मी बोट दाखवून विचारले, तर म्हणाले, “त्या उपनद्या. त्या चालतात.”

आइस्क्रीम आम्ही समुद्राला वळसा घालून परत येताना खाल्लं. तोवर मला थंडी वाजायला लागली होती.

परिक्रमेत विकत काही घेत नाहीत, मिळेल ते खातात. काकांनी तोही नियम लावला. चॉकलेटच्या दुकानात चवीला तुकडे ठेवलेले असत. ते त्यांचं सदावर्त. अत्तराच्या दुकानातली मुलगी मनगटावर फवारा मारायची, तर ते दुसराही हात पुढे करायचे. दारावरच्या कोटवाल्यांना हात जोडून, “नर्मदे हर”च्या चालीवर, “कुडामे हर” म्हणायचे. तिसऱ्या दिवशी त्यातल्या एकाने हात जोडले. काका दिवसभर खुशीत होते.

मी भरभर चालते. मला यादीतली ठिकाणं बघून त्यांच्यावर खूण करायची असते. काका मागून ओरडायचे, “अहो, गाडी सुटून राहिली का तुमची? परिक्रमा हाय, शिफ्ट नाही.”

त्यांच्या मनात मात्र एकच होतं. एक फेरी, पूर्ण, नितीनसोबत. रोज रात्री ते विचारायचे. नितीन रोज म्हणायचा, “कल पक्का, पापा.” ते मला दुसऱ्या दिवशी सांगायचे आणि त्याच दमात सांगायचे, “काम हाय न त्याला. मी तरी कुठं येत होतो फॅक्टरीतून?”

माझा शेवटचा दिवस आला. काका व्हिसा असेपर्यंत राहणार होते. त्या दिवशी नितीन दुपारी सुटून येणार, हे अगदी ठरलेलं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पिशवीत मी जबलपूरहून आणलेला चिवडा घेतला. चर्चला वळसा घालून आम्ही निघालो. नितीनचं ऑफिस पलीकडच्या काठाला. आम्ही समोर आलो तर तो दारातच उभा, हात हलवत होता.

“पापा, उधरच रुका, मी येतो.”

काकांनी डावा हात वर केला, मान खाली घातली आणि चालू लागले.

सिग्नल लाल होता. एका बसने करकचून ब्रेक मारला. एक सायकलवाली जर्मनमध्ये बरंच काही बोलली. कुडामच्या दोन्ही काठांवरची माणसं थबकून बघत राहिली. मी सिग्नल हिरवा होईपर्यंत थांबले आणि मग पोचले, तोवर बापलेक डब्याच्या झाकणात चिवडा घेऊन खात उभे होते.

“मी येतच होतो ना, पापा. पोलीस पकडतात इथं.”

“तू थकलेला असशील. दाणे घे. दाणे तू वेचून खायचा.”

नितीनने दाणे वेचले. मग त्याचा फोन वाजला. तो ऐकत राहिला, आमच्याकडे पाठ करून. “मीटिंग आली एक,” म्हणाला. “सॉरी, पापा. रात्री लवकर येतो.” काकांनी चिवड्याचा डबा त्याच्या हातात कोंबला. काचेचं दार आपोआप उघडलं आणि आपोआप बंद झालं.

मी घड्याळ पाहिलं. माझी बॅग भरायची होती.

“काका, इथून बस आहे. सरळ घरी सोडते तुम्हाला.”

“परिक्रमा खंडित झाली,” ते म्हणाले. “उगमापासून धरा लागेल.”

“आज राहू द्या ना.”

“ओलांडलं त लवकर आटपते, कुंदाताई. मंग घरी जाऊन कोन हाय? चाबी अन् मी.”

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. बसचा रूट सांगावा तसं सांगितलं. मग कुडाम उजव्या हाताला घेतली आणि चर्चकडे चालू लागले. मी यादी पर्समध्ये टाकली आणि निघाले.

चर्चला वळसा झाला. पलीकडच्या काठाने आम्ही पुन्हा त्या ऑफिससमोर आलो. काकांनी मान वळवून वरच्या काचांकडे पाहिलं.

“आता समुद्रावरून फिरून त्या काठानं येऊ,” ते म्हणाले. “दारापाशी येईपर्यंत सुटलाच असेल तो.”

मी मनात हिशेब केला. माझ्या चालीने आम्ही सहाच्या आत, नितीन सुटायच्या कितीतरी आधी, त्या दाराशी पोचलो असतो.

मी पुढच्याच दुकानाशी थांबले आणि काचेआडचे हातमोजे एकेक करून बघायला लागले.